शाफ्ट कोणी मोजला नाही

ही वही कोणाच्या हाती पडलीच, तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे तेव्हाही समजत नव्हतं, आणि आता केस पिकल्यावर समजायचं काही कारण नाही. अक्षर तर असं की माहेरी पाठवलेलं एक पत्र पोस्टमननं परत आणून दिलं होतं, पत्ता लागत नाही म्हणून. पेन्सिलीनं लिहिते आहे, म्हणजे चुकलं तर खोडता येईल.

मी बोलणारी बाई नाही. लग्नकार्यात मला शोधायचं असेल तर भांडी घासतात तिथे पाहावं, असं माझी नणंद म्हणायची. ते खरंच होतं. तिथे कोणी काही विचारत नाही. ही गोष्टही मी कोणाला सांगितलेली नाही. ज्यांना सांगायला हवी होती, त्यांना तर नाहीच नाही.

आमच्या घरचे टर्नर होते. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काम करायचे. त्यांचा हात चांगला होता हे मला बायको म्हणून नाही, तर त्यांच्या वस्तू मोजणारी म्हणून माहीत आहे. आणीबाणी उठली त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांनी एक जुना लेथ विकत घेतला. सात वर्षांचे बोनस आम्ही हात न लावता ठेवले होते, ते सगळे त्यात गेले. घराच्या मागे टिनाचं शेड टाकलं. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस त्यांना साडेतीनला नाक्यावर सोडायची. चहा प्यायचे आणि शेडमध्ये जायचे. लेथ चालू झाला की आमच्या घरातली भांडी मांडणीवर बारीक वाजायची. मला तो आवाज आवडायचा. त्यांना एकदाच म्हणताना ऐकलं होतं, शेजाऱ्यांना, की पाच वर्षं अशीच गेली तर नोकरी सोडतो आणि दारावर पाटी लावतो. पाटी कोणत्या रंगाची, तेही त्यांनी ठरवलं होतं.

माझं काम शेडच्या दारात बसून. उतरलेल्या वस्तूची कोर ब्लेडनं साफ करायची, फडक्यानं पुसायची, मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा. मोजायला मला त्यांनीच शिकवलं. माझ्या शाळेत आणे-पै होते, दशांश मला आला नव्हता. त्यांनी सांगितलं की मिलिमीटर म्हणजे एक रुपया समज, त्याचे शंभर नवे पैसे. मग मला आलं. बाहेरून मोजायला मायक्रोमीटर, भोक आतून मोजायला व्हर्निअर. पासष्ट रुपये वीस पैसे असं मी मनात म्हणायची आणि वहीत पासष्ट पॉइंट वीस लिहायची. एखादी वस्तू पाच पैशांनी चुकली तर मी काही न बोलता ती वेगळी ठेवायची. ते पाहायचे आणि समजायचे. अशा रीतीनं आमचं बरंच बोलणं होत असे.

दुसरंही एक काम होतं. गनमेटल म्हणजे पितळेसारखा धातू. त्याचा बुरा, म्हणजे कातताना निघणारा कीस, पिवळा असतो, तो ओतकाम करणारा किलोच्या भावानं परत घ्यायचा. पण त्यात लोखंड मिसळलेलं चालत नसे. जुन्या लाउडस्पीकरचं एक लोहचुंबक होतं, ते मी बुऱ्यावरून फिरवून लोखंड काढून घ्यायची.

आमचं जास्तीत जास्त काम बुशचं. बुश म्हणजे फिरत्या दांड्याच्या गळ्यात घालायची बांगडीसारखी नळी. दांड्याला शाफ्ट म्हणतात. बुश तेलात बसतो आणि शाफ्ट त्याच्यात फिरतो. यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावलं होतं की बुशनं झिजायचं आणि शाफ्टनं वाचायचं, त्यासाठीच तो बनवतात. बुश स्वस्त, शाफ्ट महाग. म्हणून गिऱ्हाईक आलं की जुना बुश कागदात बांधून आणायचं, आम्ही तो मोजायचो, किती झिजला ते सांगायचो, आणि नवा बनवून द्यायचो. शाफ्ट कोणी आणत नसे. तो गिरणीतच राहायचा.

कुहीच्या एका धानाच्या गिरणीचं काम आमच्याकडे होतं. तिथे जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर गिरणीभर लांब शाफ्ट होता, आठ ठिकाणी तेलाच्या भांड्यांत टेकलेला. त्याच्यावरून पट्टे घेऊन सगळ्या मशिनी चालायच्या. आठ टेकण्या म्हणजे आठ बुश. दोन हंगामांत एकदा बदलावे लागत. गनमेटलचा भाव चढत चालला होता आणि दर वेळी मालक कुरकुर करायचे. मालक वाईट माणूस नव्हते. आमच्याकडे आले की माझ्या हातचा चहा घेऊन, कप स्वतः उचलून आत ठेवायचे.

प्लास्टिक तेव्हा आमच्या लाइनीत नवीन होतं. हे पांढऱ्या नायलॉनचे लहान बुश करायचे, ते चांगले चालायचे, आवाज करत नसत. गांधीबागेच्या पुढे एक दुकान होतं, तिथे रॉड मिळायचे. एक दिवस दुकानदारानं यांना काळपट रंगाचा रॉड दाखवला. नुसतं नायलॉन नाही, आत काचेचे बारीक धागे घातलेले. पांढरं दबतं, हे दबत नाही, गनमेटलच्या निम्म्या भावात, आणि झिजायचं नावच नको, असं तो म्हणाला. हे त्या रॉडचा तुकडा खिशात घालून फुललेल्या चेहऱ्यानं घरी आले. मला नखानं ओरखडून पाहायला सांगितलं. ओरखडा पडला नाही.

मालकांना पटायला वेळ लागला. शेवटी दिवाळीला असं ठरलं की आठपैकी दोनच बुश काळे घालून पाहायचे, एक हंगाम चालवायचे. मालकांनी विचारलं की काही झालं तर? आमच्या बैठकीत ते बसले होते आणि मी दाराआड होते. हे हसून म्हणाले, "बुश झिजला तर बुश माहा, आन शाफ्टले खरचटलं तर शाफ्टही माहा."

गिरणीचा मिस्त्री म्हणाला, "लिहून ठेवा मालक, टर्नरनं शाफ्ट हुंड्यात मागितला." सगळे हसले. मीही आत हसले.

ते दोन बुश करताना दोन गोष्टी झाल्या. गनमेटलवर एक टूल, म्हणजे लेथला लावायचं कातायचं हत्यार, दिवसभर चालायचं. या रॉडवर एका बुशमध्येच टूलचं टोक बोथट झालं. दुसऱ्या बुशला दोनदा धार लावावी लागली. आणि बुरा झाडल्यावर माझे हात कोपरापर्यंत खाजले. यांचा शर्ट धुतला तरी खाज येत राहिली, दोन दिवस. मी खोबरेल तेल लावलं. टूल बोथट होतं म्हणजे माल कडक आहे, टिकेल, असं हे म्हणाले. मलाही तेच वाटलं. लोखंडाच्या टूलचं जे होतं ते लोखंडाच्या शाफ्टचं होईल, हे त्या शेडमध्ये बसून दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. टूल समोरच पडलं होतं.

होळी झाल्यावर मालक आणि मिस्त्री दोन्ही बुश कागदात बांधून घेऊन आले. बैठकीत टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मला बोलावलं. मी पदर सारखा केला आणि मान खाली घालून मोजले. वहीतला जुना आकडा पासष्ट वीस होता. आता पासष्ट पंचवीस. एका हंगामात पाच पैसे. गनमेटल असतं तर पन्नास गेले असते. मी आकडा लिहून वही यांच्याकडे सरकवली आणि आत गेले. बाहेर मोठा आवाज झाला. मिस्त्री म्हणत होता, "भाऊ, तुमी उपाशी मरसान अशानं. बुश झिजत नाई त मालक परत काहून येईन तुमच्याकडे?"

त्यांनी सोबत एका डालड्याच्या डब्यात जुनं तेल आणलं होतं. शेडच्या लाकडी खांबांना वाळवी लागायची, म्हणून हे गिरणीतलं टाकाऊ तेल मागून आणायचे आणि मी ते गाळून खांबांना लावायची. त्या दिवशी चहा उकळेपर्यंत मी मागच्या अंगणात बसून तेल गाळायला घेतलं. गनमेटलच्या वेळी फडक्यावर पिवळसर चमक राहायची. या वेळी राखेसारखा करडा गाळ राहिला. बोटांत चोळला तर खरखरीत होता, आणि उन्हात धरला तर चमकत होता.

लोहचुंबक तिथेच खिळ्याला टांगलेलं होतं. सवयीनं मी ते फडक्याजवळ नेलं. गाळ उठून उभा राहिला, केसासारखा, आणि चुंबकाला चिकटला.

मी किती वेळ तशी बसले सांगता येत नाही. फार नसेल, कारण चहा उतू गेला नव्हता. काळ्या बुशात लोखंड नव्हतं. तेलाचं भांडं बिडाचं, म्हणजे लोखंडाचंच, पण त्याला काही घासत नव्हतं. मग लोखंड कुठून आलं? एवढा विचार मी केला होता. उत्तरही मला तिथेच समजलं होतं, असं आज मला वाटतं. पण तेव्हा समजलं होतं की नंतर समजलं, हे आता वेगळं करता येत नाही.

बैठकीत चार पुरुष होते, आमचे धाकटे दीरही आले होते. टेबलावर ते दोन बुश ठेवले होते, आणि मालक बाकीचे सहाही काळेच करा म्हणत होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिले. हे मालकांशी बोलताना मान ताठ करून बसले होते, मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी ट्रे ठेवला आणि परत आले.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "तेल करडं काहून आलं असन?"

हे बुश हातात घेऊन पाहत होते. म्हणाले, "धानाची धूळ असते वं तिथं. बुश तूच मोजला न? भरला न बरोबर?"

मी म्हटलं, हो, भरला.

"मंग?"

चुंबकाचं मी बोलले नाही. फडकं मी चुलीत घातलं. चौथी शिकलेल्या बाईनं टर्नरला लोखंड कुठलं ते सांगावं, हे मला त्या वेळी जमण्यासारखं नव्हतं. आणि खरं म्हणजे ते इतके खूश होते.

बाकीचे सहा बुश पावसाळ्यात बनले. मी सहाही मोजले, एकसारखे उतरले होते. माझे हात पुन्हा खाजले.

त्या वर्षी धान चांगलं झालं होतं. संक्रांतीच्या आधी, गिरणी पुऱ्या जोरात असताना, मालकांचा माणूस मोटारसायकलवर आमच्या दारात आला. शाफ्ट तुटला होता. कोणाला लागलं नव्हतं. एक पट्टा उडून भिंतीवर आपटला होता, तेवढंच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. हे मला म्हणाले की मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि वही घे, तूही चल. मला का, असं मी विचारलं नाही. आकडे मीच घ्यायची, म्हणून असेल. किंवा त्यांना एकट्यानं जायचं नसेल.

गिरणी बंद होती. बाहेर धानाच्या बैलगाड्या उभ्या होत्या आणि शेतकरी पोत्यांवर बसून होते. आत दहा-बारा माणसं शाफ्टभोवती जमली होती. पट्टे काढलेले, भांडी उघडलेली. शाफ्ट जिथे बुशात बसायचा तिथे आठही ठिकाणी गळा पडला होता, उसाच्या पेरांच्या मध्ये असतो तसा. तुटला होता तो आमच्या पहिल्या दोन बुशांपैकी एकाच्या जागी.

मिस्त्री हळू आवाजात सांगत होता की वर्षभर पट्टे ढिले पडत होते, तो कापून पुन्हा शिवत होता. नवे पट्टे ताणतात, म्हणून त्यानं मनावर घेतलं नव्हतं. खरं म्हणजे शाफ्टच आपल्या जागेवरून खाली बसत चालला होता, म्हणून पट्टे ढिले होत होते. तो मला बाई म्हणायचा. त्या दिवशी तो माझ्याकडे पाहत नव्हता.

हे म्हणाले, "मोज."

मी मायक्रोमीटर लावला. दोनदा लावावा लागला. मी आकडा वहीत लिहायला लागले तर मालक म्हणाले, "लिवू नका बाई, बोला. सगळ्याइले ऐकू येऊ द्या."

परक्या पुरुषांसमोर मी त्याआधी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. मी वही मिटली. पहिला गळा एकसष्ट ऐंशी. दुसरा, तुटलेला, एकसष्ट चाळीस. तिसरा त्रेसष्ट दहा. असे आठही मी मोठ्यानं सांगितले. शाफ्ट मुळात पासष्टचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

मालकांनी बुश मोजायला सांगितले. मी मोजले. पासष्ट अठ्ठावीस, पासष्ट तीस, पासष्ट बावीस. जवळजवळ नवेच होते. आतून हात फिरवला तर आरशासारखे गुळगुळीत.

"म्हणजे बुश ठणठणीत, आन शाफ्ट गेला," मालक म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना ते अजून खरं वाटत नव्हतं.

कोणीतरी मागून म्हणालं की सून जगली, सासू मेली. एकदोघं हसले. मालकांनी त्यांना गप्प केलं.

यांनी तुटलेल्या गळ्यावर अंगठा ठेवला होता. तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही. धुळीमुळे झालं, असं ते म्हणू शकले असते. मला वाटत होतं म्हणावं. तीच धूळ गनमेटलच्या वेळीही होती, तरी म्हणावं. ते म्हणाले, "शाफ्ट माहा बोललो होतो मी."

मालक म्हणाले, "बोलला त होतास गा." आणि थोड्या वेळानं, "सीझन हाये. मी काय करू सांग."

मी वही छातीशी धरून उभी होते. फडक्यावरचा गाळ मला दिसत होता. होळीनंतर मी चुंबकाचं बोलले असते, तर दोनच गळ्यांवर निभावलं असतं, वेल्डिंगनं गळे भरून घेता आले असते, शाफ्ट तुटला नसता. हे मी तेव्हाच्या तेव्हा, त्या माणसांमध्ये उभी राहून, पूर्ण समजले. परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. दोनदा मी तोंड उघडलं. दोन्ही वेळा कंडक्टर आला की काय झालं, मी गप्प बसले.

नवा शाफ्ट, आठ गनमेटलचे बुश, बसवण्याची मजुरी, आणि बंद गिरणीचे अकरा दिवस. अकरा दिवसांचे निम्मेच लावतो असं मालक स्वतः म्हणाले. तरी आकडा असा झाला की लेथ विकून त्यातलं अर्ध्याच्या थोडं वर फिटत होतं. लेथ विकूनही देणं राहणार, हे समजल्यावर यांनी दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आणलं.

लेथ न्यायला सहा माणसं आली. शेडच्या दारातून तो निघेना, आणला तेव्हा टिन नंतर ठोकले होते. एका बाजूचे टिन उचकटावे लागले. खाली पाइप टाकून लेथ लोटत नेला. हेही लोटत होते, सगळ्यांत पुढे, हळू, इकडून घ्या, तिकडे खड्डा आहे, असं सांगत. जसा कोणा दुसऱ्याचाच लेथ आहे. ट्रक गेल्यावर त्यांनी टिन परत ठोकले. आत जमिनीवर तेलाचा चौकोन राहिला होता. तिथे नंतर आम्ही गोवऱ्या ठेवायला लागलो.

गोष्ट हिंगण्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कारखान्यात त्यांना लोक काचवाले म्हणायला लागले. लेथवर उभे राहिले की कोणी म्हणायचं, पाहून गा, मशीन खाऊन टाकशील. गमतीनंच म्हणायचे, चहा पाजून म्हणायचे. सहा महिन्यांनी यांनी स्वतः अर्ज देऊन बदली घेतली, स्टोअरमध्ये. तिथे नट-बोल्ट मोजून द्यायचं काम. पगार तेवढाच, पण टर्नरचा भत्ता गेला. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी भाकरी टाकत होते. मी म्हटलं, बरं. मायक्रोमीटर त्यांनी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. विकायला मात्र काढला नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही.

राहिलेल्या पैशासाठी मी कामाला लागले. हिंगण्यालाच प्लास्टिकच्या वस्तू साच्यात ओतणारा एक कारखाना निघाला होता. साच्यातून वस्तू निघते तेव्हा तिच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो. तो ब्लेडनं कापायला बायका घेत. कोर साफ करायचं काम मला येतच होतं. आम्ही पंधरा-सोळा बायका चटयांवर बसायचो, बाकीच्या गप्पा मारायच्या, माझे नग सगळ्यांत जास्त व्हायचे. त्यात बुशही असायचे. जे बनवायला यांना पाऊण तास लागायचा, तसले बुश मशीन मिनिटाला चार टाकायचं. मी घरी हे सांगितलं नाही.

तिथे एक सुपरवायझर होता, तरुण, कॉलेज शिकलेला. एकदा काळपट वस्तू आल्या आणि बायकांचे हात खाजायला लागले तेव्हा तो म्हणाला की हातमोजे घाला, काच आहे त्यात. मी त्याला विचारलं. तीन वर्षांत मी त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. शाफ्टला हे चालतं का, तेलात?

तो सहज म्हणाला, कडक शाफ्ट असेल तर चालतं. मऊ शाफ्टला नाही, काच त्याला घासून खाते. त्यातून तेल असलं तर आणखीच. कोरड्यात प्लास्टिकचा बारीक थर शाफ्टवर चढून बसतो आणि तोच शाफ्टला थोडाफार वाचवतो. तेलात तो थर बसत नाही, धुऊन जातो, काच उघडी पडते, आणि निघालेलं लोखंड तेलातच फिरत राहतं. त्यानं मला एवढं विचारलं, "काहून मावशी, घरी गिरणी हाये काय?"

मी नाही म्हटलं. त्याचा चहा संपायच्या आत त्यानं ते सगळं सांगून टाकलं होतं.

आम्ही तर दर आठवड्याला तेल घालायला सांगत होतो. हे मिस्त्रीला बजावायचे, तेल कमी पडू देऊ नको, तेल असेपर्यंत कशाला काही होत नाही. घरी येताना मी ठरवलं की हे त्यांना सांगायचं, म्हणजे त्यांना समजेल की हात चुकला नव्हता, माल चुकला होता. पण ते सांगायचं तर तेलाचं निघणार, तेलाचं निघालं तर गाळाचं, आणि मग चुंबकाचं. मी घरी पोचले तेव्हा ते अंगणात बाजेवर बसून रेडिओ लावत होते. त्यांनी विचारलं, बस उशिरा आली का. मी म्हटलं, हो.

असे महिने भरत गेले. त्यांच्या पगारातून थोडं, माझ्या नगांतून थोडं. यांनी पाटीबद्दल पुन्हा कधी काही काढलं नाही. शेजारच्या कोणी काही दुरुस्त करायला आणलं तरी ते म्हणायचे, मला येत नाही त्यातलं. असं म्हणताना त्यांचा चेहरा साधा असायचा. तो माणूस मग तसाच निघून जायचा, आणि मी आत हातातलं काम करत राहायची.

पाचव्या वर्षी, तुरीच्या शेंगा बाजारात आल्या होत्या तेव्हा, शेवटचे पैसे जमले. दर वेळी हे एकटेच द्यायला जायचे. त्या दिवशी मीही निघाले, त्यांनी काही म्हटलं नाही. कुहीला उतरून गिरणीपर्यंत चालत गेलो. आत आवाज वेगळा होता. मालक म्हणाले, गेल्या वर्षी सगळीकडे बॉल बेअरिंग टाकून घेतलं, बुशचं लफडंच ठेवलं नाही. यांना दाखवायला म्हणून ते आत घेऊन गेले. हे दारातूनच पाहून, चांगलं केलं म्हणाले. मिस्त्री काम सोडून गावी गेला होता.

ऑफिसात मालकांनी नोटा मोजल्या आणि पेटीत ठेवल्या. म्हणाले, मी तर सोडून दिले असते शेवटचे, तू ऐकला नाहीस. मग एका कागदावर लिहिलं की शाफ्टचे पूर्ण पैसे मिळाले, आता काही बाकी नाही. खाली सही केली आणि तारीख टाकली. यांनी तो कागद वाचला नाही. चार घड्या केल्या आणि वरच्या खिशात ठेवला.